सौदा कोणाचा, यंत्र कोणाच्या ताब्यात? संगणकी व्यवहारातील मुखत्यारी दुकानदारांनी समजून घ्यावी

कापडाच्या किंवा धान्याच्या मोठ्या पेढीवर पूर्वी कामाची वाटणी ठरलेली असे. शेठ गादीवर बसून भाव बोलत आणि सौदा ठरवत. रोकड मोजण्याचे काम गल्ल्यावर बसणाऱ्याचे, गोदामाची किल्ली कोठीवाल्याकडे आणि रोजमेळ व खातेवही मुनिमाकडे. शेठ स्वतः गोदामात जाऊन गाठोडे उचलत नसत. त्यांची चिठ्ठी गेली की कोठीवाला माल देई आणि दिल्याची नोंद ठेवी. प्रत्येकाला आपापल्या कामापुरती मुखत्यारी दिलेली असे. संध्याकाळी तिघांचे हिशेब एकमेकांशी जुळले तरच दुकान बंद होई.

आज आपल्या दुकानात क्यूआर कोड आहे, पैसे आल्याचे बोलून सांगणारा साउंडबॉक्स आहे, कार्ड घासण्याचे यंत्र आहे आणि बिल काढणारा संगणक आहे. हे सर्व मिळून जो व्यवहार करतात तो याच जुन्या वाटणीवर चालतो. फरक इतकाच की पूर्वीचे मुखत्यार आपल्या डोळ्यांसमोर बसत, आताचे दिसत नाहीत. पैसे कापले गेले पण आले नाहीत, अशी कटकट उभी राहते तेव्हा नेमका कोणाला जाब विचारायचा हे म्हणूनच समजत नाही. व्यापारी बंधूंनी आणि कारागिरांनी ही वाटणी एकदा नीट समजून घेतली तर पुष्कळ भांडणे आणि नुकसान टळेल.

संगणकाने मुखत्यार का नेमले?

सुरुवातीच्या काळात संगणकाचा कार्यक्रम लिहिणाऱ्याला सर्वच कामे स्वतः करावी लागत. खिडकीवरच्या यंत्राशी कसे बोलायचे, छपाईयंत्राला कागद कसा सरकवायला सांगायचा, नोंदवहीचे पान कोणासाठी अडवून ठेवायचे, हे सारे प्रत्येक कार्यक्रमात पुन्हा पुन्हा लिहिले जाई. यंत्र बदलले की कार्यक्रमही बदलावा लागे. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९६९ साली सीआयसीएस नावाची प्रणाली बाजारात आणली. ती प्रथम तिथल्या वीज आणि गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांच्या हिशेबासाठी घडवली होती. तिने खिडकीवरच्या यंत्रांचा कारभार एका भागाकडे सोपवला आणि नोंदवह्यांचा कारभार दुसऱ्याकडे. कार्यक्रमाने फक्त सांगायचे की अमुक ग्राहकाचे खाते आणा, अमुक रक्कम लिहा आणि पावती छापा. बाकीचे ज्याचे त्याने पाहायचे. पुढे जगभरच्या बँका आणि विमा कंपन्यांनी ही पद्धत उचलली.

आपल्या गल्ल्यावरच याचा लहानसा नमुना पाहता येतो. बिलिंगचा संगणक असलेल्या पुष्कळ दुकानांत गल्ल्याचा खण आपोआप उघडतो. तो खण बहुधा संगणकाला जोडलेला नसतो, बिलाच्या प्रिंटरला जोडलेला असतो. संगणक प्रिंटरला सांगतो आणि प्रिंटर खणाला इशारा देतो. म्हणून प्रिंटर बंद असला की खणही उघडत नाही आणि नोकर म्हणतो, 'संगणक बिघडला.' संगणक ठीक असतो, मधला मुखत्यार हजर नसतो. दुरुस्तीवाल्याला बोलावण्यापूर्वी एवढे पाहिले तरी त्याची फेरी वाचते.

दुसरी गोष्ट अडवून ठेवण्याची. एका साडीचा शेवटचा नग उरला आहे आणि दोन काउंटरवर दोन गिऱ्हाइके तीच मागत आहेत. दोन्ही सेल्समननी 'आहे' म्हटले तर तंटा होणारच. कोठीवाल्याने एकदा तो नग एकाच्या नावाने बाजूला ठेवला की दुसऱ्याला 'थांबा' म्हणावे लागते. पहिला सौदा मोडला तरच तो नग मोकळा होतो. संगणकातही ज्याच्याकडे वस्तूची नोंद सोपवली आहे तोच हे अडवणे आणि सोडणे करतो. बिल करणाऱ्या कार्यक्रमाला परस्पर त्या नोंदीला हात लावता येत नाही.

नांदेडची खिडकी, सिकंदराबादची वही

याचे सर्वात मोठे उदाहरण आपण सर्वांनी वापरले आहे, ते म्हणजे रेल्वेचे आरक्षण. संगणक येण्यापूर्वी गाडीच्या बर्थची वही एका ठिकाणी असे आणि इतर स्थानकांना थोडा कोटा वाटून दिलेला असे. कोटा संपला की गाडीत जागा रिकामी असूनही तिकीट मिळत नसे. १९८५ साली दिल्लीत संगणकी आरक्षण सुरू झाले. मग मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेही केंद्रे झाली. रेल्वेच्या क्रिस या संस्थेने 'कॉन्सर्ट' नावाची नवी प्रणाली तयार केली. ती १९९४ साली सर्वप्रथम सिकंदराबादला बसली आणि एप्रिल १९९९ मध्ये पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली.

नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत येते आणि या रेल्वेचे मुख्यालय सिकंदराबादला आहे. नांदेडचा स्वतंत्र विभाग २००३ साली झाला. लातूर शहराचे स्थानक मात्र मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात आहे आणि मध्य रेल्वेचा कारभार मुंबईकडे. म्हणजे आपले दोन जिल्हे शेजारी असले तरी त्यांच्या वह्या दोन वेगवेगळ्या केंद्रांकडे होत्या. केंद्रे जोडली गेल्यावर प्रत्येक केंद्राने आपापल्या गाड्यांची वही आपल्याकडेच ठेवली. नांदेडच्या खिडकीवर कोणी मुंबईच्या वहीतल्या गाडीचे तिकीट मागितले तर सिकंदराबादचा संगणक ती वही स्वतः उघडत नसे. तो मुंबईच्या संगणकाला निरोप देई, मुंबईचा संगणक आपल्या वहीत बर्थ अडवी, नोंद करी आणि उत्तर धाडी. ज्याची वस्तू त्याच्याच हातून द्यायची, हा कोठीवाल्याचा नियम इथे पाळला गेला. त्यामुळे दोन शहरांतल्या दोन खिडक्यांवर एकच बर्थ विकला जाण्याची भीती राहिली नाही.

'दोघेही तयार?' हा दलालाचा प्रश्न

एका सौद्यात दोन मुखत्यार असतील तर काय करायचे? समजा, पैसे एका बँकेतून निघायचे आहेत आणि दुसऱ्या बँकेत जमा व्हायचे आहेत. एकाने काम केले आणि दुसऱ्याने केले नाही तर हिशेब लंगडा होतो. लातूरच्या आडत बाजारात किंवा नांदेडच्या कापड बाजारात जुना दलाल हे कसे सांभाळी ते आठवा. तो आधी विकणाऱ्याला विचारी, 'माल बाजूला ठेवला?' मग घेणाऱ्याला विचारी, 'रोकड तयार आहे?' दोघांनी हो म्हटले की तो सौदा पक्का जाहीर करी. त्यानंतर कोणालाही मागे फिरता येत नसे. एकाने जरी नाही म्हटले तरी दोघेही मोकळे.

संगणकशास्त्रात ही दोन टप्प्यांची रीत ठरलेली आहे. जिम ग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाने व्यवहारांच्या या नियमांना पक्का पाया दिला आणि त्याबद्दल त्याला १९९८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या रीतीत एक अडचण आहे. दोघांनी हो म्हटल्यावर दलालच गायब झाला तर माल आणि रोकड दोन्ही अडकून पडतात. एका इमारतीतल्या दोन संगणकांत हे चालून जाते. देशभरच्या शेकडो बँकांनी एकमेकांच्या भरवशावर खाती अडवून ठेवायची म्हटले तर कारभार ठप्प होईल. म्हणून आपल्याकडच्या फोनवरील पेमेंटमध्ये वेगळी रीत घेतली आहे. पैसे देणाऱ्याच्या खात्यातून आधी रक्कम कापायची, मग घेणाऱ्याच्या खात्यात जमा करायची आणि जमा झाली नाही तर कापलेली रक्कम उलटी फिरवायची. 'कापले पण आले नाही' ही अवस्था या रीतीतूनच येते. ती प्रत्येक वेळी फसवणूक नसते. तो अर्ध्या वाटेवरचा व्यवहार असतो.

फोनवरील पेमेंटचे चार मुखत्यार

यूपीआय ही पद्धत एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. २००८ साली स्थापन झालेले नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन म्हणजे एनपीसीआय ती चालवते. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. कोणत्याही रस्त्याने आलेला माणूस गोलाईला वळसा घालून हव्या त्या रस्त्याला लागतो. एनपीसीआयचे काम असेच आहे. सर्व बँकांचे निरोप तिथे येतात आणि योग्य बँकेकडे वळवले जातात. आपले पैसे ठेवण्याचे काम तिचे नाही, ते बँकांचे.

गिऱ्हाइकाने क्यूआर कोड घेतला की पहिला मुखत्यार म्हणजे त्याच्या फोनमधले ॲप. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पिन टाकण्याचे पान त्या ॲपचे नसते, ते एनपीसीआयने दिलेले असते. पिन तिथेच कुलूपबंद होऊन पुढे जातो आणि ॲप चालवणाऱ्या कंपनीला तो दिसत नाही. कार्डाच्या यंत्रातही असेच आहे. पिन यंत्राच्या आतच गुप्त लिपीत बदलतो आणि दुकानाच्या संगणकाला तो कळत नाही. यंत्र उघडून छेडछाड केली तर आतली गुप्त किल्ली पुसली जाते व ते यंत्र निकामी होते. पिन ही गिऱ्हाइकाची अमानत आहे आणि ती दुकानदाराच्या हातात पडूच नये, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून 'पिन सांगा, मी टाकतो' असे आपल्या नोकराने कधीही म्हणू नये, गिऱ्हाईक कितीही म्हातारे किंवा ओळखीचे असले तरी.

दुसरा मुखत्यार गिऱ्हाइकाची बँक, जी रक्कम कापते. तिसरा आपली बँक, जी जमा करते. चौथा आपला साउंडबॉक्स. त्याच्यात स्वतःचे सिमकार्ड असते आणि पेमेंट कंपनीच्या संगणकाकडून निरोप आला की तो बोलतो. तो आपल्या बँकेची वही वाचत नाही. त्याचे नेटवर्क गेले तर पैसे येऊनही तो गप्प राहतो. म्हणून साउंडबॉक्स गप्प असला म्हणजे पैसे आलेच नाहीत असे समजू नये. आणि गिऱ्हाइकाने फोनवर हिरवी खूण दाखवली म्हणजे पैसे आलेच असेही समजू नये, कारण खोटी हिरवी खूण दाखवणारी ॲप निघाली आहेत. शेवटचा शब्द बँकेच्या खात्यातील नोंदीचा.

जे परत घेता येत नाही

वहीतली नोंद खोडता येते, उलटी नोंदही करता येते. पण यंत्राने बाहेर दिलेली वस्तू परत बोलावता येत नाही. एटीएमने नोटा बाहेर दिल्या, प्रिंटरने बिल छापले किंवा साउंडबॉक्सने रक्कम मोठ्याने सांगितली की ते झाले. म्हणून चांगल्या प्रणालीत यंत्राचे काम शेवटी ठेवतात. आधी कच्ची नोंद, मग खात्यातली नोंद आणि मग यंत्राला हुकूम. शिवाय यंत्रालाही स्वतःचा हिशेब ठेवावा लागतो. एटीएम प्रत्येक व्यवहाराची आपल्यापुरती नोंद ठेवते. खात्यातून रक्कम वजा झाली पण नोटा निघाल्या नाहीत अशी तक्रार आली की बँक ही नोंद आणि पेटीतल्या शिल्लक नोटा ताडून पाहते. ही रोजमेळ आणि गल्ला जुळवण्याचीच पद्धत.

दुकानाच्या बिलिंगमध्येही हाच नियम ठेवावा. बिल आधी नोंदले जावे आणि नंतर छापले जावे. कागद अडकला तर नवे बिल करू नये, त्याच क्रमांकाचे बिल पुन्हा छापावे आणि त्यावर 'दुसरी प्रत' असे उमटावे. नवे बिल केले की माल एकदा जातो आणि वहीत दोनदा उतरतो. वर्षअखेरीस साठा मोजताना त्याचा ताप होतो आणि जीएसटीच्या हिशेबातही फरक येतो. बिलिंगचे सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला एवढे एक विचारावे: छपाईच्या मध्येच वीज गेली तर नोंद राहते का, आणि तेच बिल पुन्हा निघते का? उत्तर गोलमोल आले तर दुसरे पाहावे.

लग्नसराईत आमच्या नांदेडच्या दुकानात उदगीरकडचे एक कुटुंब बस्ता बांधायला आले होते. ₹१८,४०० चे बिल झाले. वडीलधाऱ्या माणसाने फोनवरून रक्कम दिली, त्यांच्या बँकेचा पैसे कापल्याचा संदेश आला, पण साउंडबॉक्स गप्प. गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, 'मामा, पुन्हा एकदा करा.' ते चिडले, आणि ते रास्तच होते. मुलीच्या लग्नाचे पैसे, दोनदा गेले तर बाकीची खरेदी कशाने करणार? आम्ही आधी बँकेचे खाते पाहिले. रक्कम आलेली नव्हती. मग त्यांच्या फोनवरचा बारा अंकी व्यवहार क्रमांक बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहिला. त्यांच्या मुलाच्या खात्यातून रक्कम घेतली आणि लेखी दिले की पहिली रक्कम आमच्याकडे उशिरा आलीच तर त्याच खात्यात परत करू. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला की रक्कम त्यांच्या खात्यात परत आली. तो बारा अंकी क्रमांक नसता तर दोन्हीकडे नुसती बोलाचाली उरली असती.

अडकलेल्या रकमेबद्दल कायदा काय म्हणतो?

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढून फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवल्या. त्या १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाल्या. थोडक्यात सांगायचे तर:

यूपीआयने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली रक्कम कापली गेली आणि पोचली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती परत फिरली पाहिजे.

दुकानदाराला यूपीआयने दिलेली रक्कम कापली गेली आणि दुकानात खात्री आली नाही, तर पाच दिवसांच्या आत परत फिरली पाहिजे.

कार्डाच्या यंत्रावर रक्कम कापली गेली आणि पावती निघाली नाही, तरीही पाच दिवस. एटीएममधून नोटा न येता खात्यातून रक्कम गेली, तरीही पाच दिवस.

या मुदतीनंतर दर दिवसाला ₹१०० भरपाई खातेदाराला मिळाली पाहिजे आणि ती बँकेने स्वतःहून द्यायची आहे, तक्रारीची वाट पाहायची नाही. पुष्कळ गिऱ्हाइकांना आणि खुद्द दुकानदारांना हे माहीत नसते. मुदत संपली तर खातेदाराने आपल्या बँकेत लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. रक्कम कापलेली असते गिऱ्हाइकाच्या खात्यातून, म्हणून ही तक्रार त्याच्या बँकेकडे त्यानेच करायची. दुकानदाराने त्याला क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम लिहून द्यावी. गिऱ्हाइकाला एवढी मदत करणे ही दुकानाची आब आहे.

दुकानात मुखत्यारी कशी द्यावी?

आता आपल्या घरचा प्रश्न. दुकानातला मुलगा पैसे घेतो, पण खात्री करायची तर मालकाचा फोन लागतो. म्हणून काही मालक आपला फोन पिनसकट नोकराकडे देऊन टाकतात. याची गरज नाही. व्यापाऱ्यांच्या ॲपमध्ये नोकराला फक्त आलेल्या रकमा पाहण्याची सोय बहुतेक ठिकाणी मिळते. त्याला पाहण्याची मुखत्यारी द्यावी, काढण्याची देऊ नये. घरखर्चाचे खाते आणि दुकानाचे खाते वेगळे ठेवावे, म्हणजे संध्याकाळी मेळ घालताना घोळ होत नाही.

घरातल्या माणसाला खर्चासाठी मुखत्यारी द्यायची असेल तर २०२४ साली 'यूपीआय सर्कल' नावाची सोय आली आहे. तिच्यात एक खातेदार जास्तीत जास्त पाच माणसांना आपल्या खात्यातून पैसे देण्याची परवानगी देऊ शकतो. एका प्रकारात दर वेळी मालकाने मंजुरी द्यायची असते. दुसऱ्या प्रकारात महिन्याला ₹१५,००० आणि एका वेळी ₹५,००० या कमाल मर्यादेत तो माणूस स्वतः देऊ शकतो. मालकाचा पिन कोणालाच सांगावा लागत नाही.

शिलाईकाम, जरीकाम किंवा फर्निचर करणाऱ्या कारागीर बंधूंसाठीही एक सूचना. आपल्या क्यूआर कोडवर दुसऱ्याने आपला कोड चिकटवला तर पैसे परस्पर त्याच्या खात्यात जातात. रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी स्वतःच्या फोनने तो कोड घेऊन आपले नाव येते का ते पाहावे. याला अर्धा मिनिट लागतो.

आणि शेवटी सर्वात जुनी गोष्ट. दुकान बंद करण्यापूर्वी बिलांची बेरीज, गल्ल्याची रोकड, ॲपमधील आलेली रक्कम आणि कार्डाच्या यंत्राची दिवसाची बेरीज एका कागदावर मांडावी. कार्डाची रक्कम खात्यात नंतर येते, म्हणून ती वेगळ्या रकान्यात लिहावी आणि आल्यावर खूण करावी. फरक त्याच दिवशी सापडला तर तो कोणत्या मुखत्याराकडे अडकला आहे हे शोधता येते. महिन्याने सापडला तर कोणीच काही सांगू शकत नाही. ज्यांनी रोजमेळ लिहिण्याची सवय मोडली असेल त्यांनी येत्या पहिल्या तारखेपासून ती पुन्हा लावावी.